ताऱ्यांकडे पाठवलेली अर्धी ओळख

नासाच्या दोन व्हॉयेजर यानांवर, कधी परग्रहावरच्या कुणाला सापडलीच तर म्हणून, माणसाची ओळख सांगणारी सोनेरी तबकडी आहे. तीत एक छायाचित्र आहे. एक बाई आईस्क्रीम चाटते आहे, एक जण सँडविचचा घास तोडतो आहे आणि तिसरा मान मागे टाकून वर धरलेल्या भांड्यातून पाण्याची धार तोंडात सोडतो आहे. ज्यांना तोंड म्हणजे काय हेच ठाऊक नाही, अशा कुणाला माणूस खातो-पितो कसा हे एका नजरेत कळावं, म्हणून तिघांना एकत्र आणून हा फोटो काढला गेला. काम मन लावून केलेलं आहे. पण त्याच तबकडीवरच्या ११५ चित्रांमध्ये युद्ध नाही, दारिद्र्य नाही, रोगराई नाही. हे नजरचुकीने राहून गेलेलं नाही. तबकडी तयार करणाऱ्या, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने ते विचार करून वगळलं.

हे वगळणं मला पटत नाही. सौरमालेबाहेर जाणाऱ्या प्रत्येक यानावर माणसाबद्दलचा संदेश असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. पण तो खरा हवा, आणि तो कोणी व कसा ठरवला हे जगाला कळायला हवं. १९७७ ची तबकडी या दोन्ही कसोट्यांवर कमी पडते. तिच्याविषयी मला जिव्हाळा आहे, म्हणूनच पुढचा संदेश तिच्या वाटेने जाऊ नये असं वाटतं.

आजवर पाच यानं सूर्याची पकड सोडून कायमची निघाली आहेत. मार्च १९७२ मध्ये पायोनिअर-१०, पुढच्या वर्षी पायोनिअर-११, १९७७ मध्ये ऑगस्टच्या २० तारखेला व्हॉयेजर-२ आणि सप्टेंबरच्या ५ तारखेला व्हॉयेजर-१, आणि जानेवारी २००६ मध्ये न्यू होरायझन्स. दोन्ही पायोनिअरवर साधारण २३ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद अशी सोनेरी मुलाम्याची ॲल्युमिनियमची पाटी आहे. तिच्यावर एक स्त्री, एक पुरुष, सूर्यमालेची आकृती आणि १४ पल्सारांच्या (ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं सोडणाऱ्या ताऱ्यांच्या) साहाय्याने दाखवलेलं सूर्याचं ठिकाण कोरलेलं आहे. व्हॉयेजरवर बारा इंची, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तीत ५५ भाषांतली अभिवादनं आहेत, पृथ्वीवरचे आवाज आहेत आणि सुमारे ९० मिनिटांचं संगीत आहे. सोबत ती वाजवायची सुई दिली आहे आणि वाजवायची कशी हे आवरणावर कोरलं आहे. त्या आवरणावर युरेनियम-२३८ चा बारीकसा थरही आहे. या युरेनियमचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं क्षय पावायला लागणारा काळ, साडेचार अब्ज वर्षांच्या आसपास असल्याने, किती युरेनियम उरलं हे मोजून तबकडीचं वय काढता येईल. इतक्या दूरचा विचार करून बनवलेली वस्तू माणसाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

अशा संदेशांवरचा पहिला आक्षेप भीतीचा असतो. अनोळखी लोकांना आपला पत्ता का द्यायचा? १९७४ मध्ये प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम-१३ या तारकागुच्छाकडे रेडिओ संदेश सोडला गेला, तेव्हा ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी याच कारणाने विरोध केला होता. रेडिओच्या बाबतीत हा वाद होऊ शकतो, कारण रेडिओ लहर प्रकाशाच्या वेगाने जाते आणि ऐकणारे अनेक असू शकतात. यानाचं तसं नाही. व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चाललं आहे, तरी त्याचा संकेत पृथ्वीवर पोचायला सुमारे एक दिवसच लागतो. कोणत्याही ताऱ्याच्या थोडं जवळून जायला त्याला सुमारे ४० हजार वर्षं लागतील, आणि ते ‘जवळून’सुद्धा दीड प्रकाशवर्षाहून जास्त अंतरावरून. ते सापडण्यासाठी कुणीतरी ताऱ्यांमधल्या पोकळीत हिंडत असायला हवं आणि मोटारीएवढी थंडगार वस्तू हेरण्याची ताकद त्याच्याकडे असायला हवी. ज्याच्याकडे एवढी ताकद आहे, त्याला आपला पत्ता कळायला आपल्या पाटीची गरज पडणार नाही. तेव्हा भीतीचा मुद्दा मी बाजूला ठेवतो.

वेळेचा मुद्दा मात्र बाजूला ठेवता येत नाही. सगळा प्रश्न मला तरी तिथूनच उलगडतो. माणसाची लेखनकला पाच हजार वर्षांच्या आसपासची आहे. व्हॉयेजर पहिल्या ताऱ्याच्या आसपास जाईपर्यंत त्याच्या आठपट काळ लोटलेला असेल. पायोनिअर-१० रोहिणी या ताऱ्याच्या दिशेने चाललं आहे आणि तिथलं अंतर कापायला त्याला सुमारे वीस लाख वर्षं लागतील. तोवर आपल्यातलं कोण असेल, मानवजात तरी असेल का, हे कुणालाच सांगता यायचं नाही. म्हणजे हा संदेश कधी कुणी वाचलाच, तर बहुधा आपल्या पश्चात वाचेल. दोन जिवंत माणसं भेटतात तेव्हा पहिल्या भेटीत आपली दुखणी आणि भांडणं कुणी काढत नाही, आणि ते योग्यच आहे. पुढे ओळख वाढते, मग एकेक गोष्ट कळते. इथे पुढची भेट नाही. जे एकदा लिहिलं तेवढंच उरणार. त्यामुळे या तबकडीचं काम अभिवादनाचं कमी आणि साक्षीचं जास्त आहे. साक्षीत सोयीचं तेवढं सांगायची मुभा नसते.

समितीची बाजू मला समजते. अणुस्फोटाचा ढग दाखवला तर पाहणाऱ्याला ती धमकी वाटेल, ‘बघा आमच्याकडे काय आहे’ असं आपण बजावतोय असं वाटेल, अशी शंका त्यांना होती. शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर चित्र गाळणं हे नव्हे. चित्राचा अर्थ त्याच्या आगेमागे काय आहे यावर ठरतो. ढगाचं चित्र एकटं असेल तर ती धमकी वाटेल. त्याच्या आधी उभं शहर, नंतर तेच शहर जमीनदोस्त झालेलं, मग जखमी माणसं आणि त्यांची शुश्रूषा करणारी माणसं, आणि शेवटी पुन्हा उभं राहिलेलं शहर, अशी पाच चित्रं ओळीने दिली तर अर्थ पार बदलतो. हिरोशिमाची ही गोष्ट १९७७ मध्ये सांगता आली असती. शहर तेव्हा उभं राहिलेलं होतं.

युद्ध वगळलं म्हणून ते तबकडीबाहेर राहिलं, असंही नाही. ज्या रॉकेटने व्हॉयेजर उडालं त्या टायटन घराण्याची सुरुवात अण्वस्त्रं वाहून नेणारं क्षेपणास्त्र म्हणून झाली होती. तबकडीवर संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांचा संदेश आहे, सगळ्या पृथ्वीच्या लोकांच्या वतीने दिलेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यातर्फे बाल्कन प्रदेशात केलेल्या नोकरीबद्दल त्यांनी सत्य दडवलं होतं, हे १९८६ मध्ये उघड झालं. शांततेची ग्वाही देण्यासाठी जो आवाज निवडला, त्याच्याच मागे युद्धाची न सांगितलेली गोष्ट होती. ज्यांनी निवड केली त्यांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, त्यांना दोष देता येत नाही. पण पदावर आहे म्हणून एखाद्याला मानवजातीच्या वतीने बोलायला लावणं किती कच्चं आहे, हे यातून दिसतं. त्या तबकडीवर अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांच्या नावांची यादीही आहे. ४० हजार वर्षांनंतर त्या यादीचा कुणाला काय उपयोग, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

रोगराई वगळण्याचं मला याहून जास्त वाईट वाटतं, कारण तिथे आपण आपलीच सगळ्यात चांगली गोष्ट गमावली. देवी या रोगाने एकट्या विसाव्या शतकात कोट्यवधी माणसं मारली. ऑक्टोबर १९७७ मध्ये, व्हॉयेजर-१ उडाल्यावर दोन महिने व्हायच्या आत, सोमालियात देवीचा नैसर्गिक संसर्गातून झालेला शेवटचा रुग्ण सापडला. तो बरा झाला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. शीतयुद्ध ऐन भरात होतं, आणि तरीही या मोहिमेत अमेरिका आणि सोव्हिएत संघ एका बाजूला होते. गावोगाव हिंडून, घराघरांत रोग्याचं चित्र दाखवून विचारपूस करणाऱ्या हजारो कार्यकर्त्यांनी ते काम तडीस नेलं. अंगभर देवी उठलेल्या मुलाचं चित्र द्यायचं नाही असं ठरवलं की ही सगळी गोष्ट सांगण्याची वाटच बंद होते. आजारच दाखवला नाही तर त्यावर केलेली मात दाखवणार कशी? भूक दाखवली नाही तर आपलं अन्न दुसऱ्याला देणारा माणूस कसा कळेल? माणसाची थोरवी बहुतेक वेळा त्याच्या दुःखाला चिकटूनच आलेली असते. दुःख वगळून नुसती थोरवी पाठवता येत नाही.

परग्रहावरच्या कुणाला देवीचा रोगी आणि निरोगी मूल यांतला फरक तरी कळणार का, असं यावर कुणी म्हणेल. कदाचित नाही कळणार. पण मग तबकडीवरचं बाख या जर्मन संगीतकाराचं संगीत तरी कळेल कशावरून? पायोनिअरच्या पाटीवर यानाचा मार्ग दाखवायला बाण काढला होता. कलेतिहासकार अर्न्स्ट गोम्ब्रिख यांनी १९७२ मध्येच दाखवून दिलं, की ज्यांच्या पूर्वजांनी कधी धनुष्यबाण वापरला नाही त्यांना ही खूण समजायचं कारण नाही. आकलनाची अडचण सगळ्याच मजकुराला सारखी आहे. ती फक्त अप्रिय मजकुराच्या आड येते, असं म्हणता येत नाही. कळेल या आशेवर संगीत पाठवायचं असेल, तर त्याच आशेवर दुःखही पाठवायला हवं.

आता ठरवणार कोण, या प्रश्नाकडे येतो. पायोनिअरच्या पाटीवरच्या दोघांत सगळ्या वंशांचा मिलाफ दिसावा असा हेतू होता. अनेकांना मात्र ते युरोपीय जोडपंच दिसलं. पुरुषाने हात उंचावला आहे आणि स्त्री नुसती उभी आहे, यावरही टीका झाली. उघड्या शरीरांवरून एवढा गदारोळ झाला, की व्हॉयेजरच्या वेळी विवस्त्र पुरुष आणि गरोदर स्त्री यांचा फोटो नासाने नाकारला आणि त्याऐवजी नुसती बाह्याकृती गेली. अमेरिकेतल्या काही वृत्तपत्रवाचकांच्या रागामुळे मानवजातीच्या परिचयातून त्या जोडप्याचा फोटोच गळला.

भाषांचंही असंच. बरीचशी अभिवादनं कॉर्नेल विद्यापीठात, तिथे भेटतील त्या लोकांकडून ध्वनिमुद्रित केली गेली. मराठी त्यात आहे, पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा कळवणारी, आणि ती ऐकताना आजही ऊर भरून येतो. सुमेरी आणि अक्कादी या मृत भाषाही आहेत. पण कोट्यवधी लोकांच्या तोंडी असलेल्या स्वाहिली आणि तमिळ नाहीत. कुणी आकसाने केलेलं हे नाही. हाताशी जे होते त्यांच्यावर भागवलं गेलं, इतकंच.

मग जगभर मतदान घ्यावं का? मला ते नको आहे, आणि कारण त्याच तबकडीवर आहे. तिच्यात सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी तिचा आग्रह धरला. तेव्हा ती ध्वनिमुद्रिका बाजारात मिळत नव्हती. शोधता शोधता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. व्हॉयेजर-१ निघाल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाई गेल्या. जगभर मत मागितलं असतं तर त्या भैरवीला किती मतं पडली असती? मतदानात ज्याचे चाहते जास्त आणि संघटित, ते पुढे जातं. अशा निवडीला तयार कान लागतो, आणि दुसऱ्याच्या घरातलं सोनं ओळखायची दानत लागते. ब्राउन यांच्याकडे दोन्ही होतं.

सरकारी सहमतीचाही मला भरवसा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ समितीतल्या प्रतिनिधींची अभिवादनं तबकडीवर आहेत. व्हेल माशांच्या गाण्याचा काही भाग समितीने त्यांच्याबरोबर मिसळला, आणि मला तरी त्या भागातलं लक्षात राहतं ते व्हेलचं गाणंच.

तेव्हा निवड थोड्या जाणत्या लोकांनीच करावी. फक्त ती बंद दाराआड होऊ नये. नावं जाहीर असावीत. ज्या देशांकडे स्वतःचं रॉकेट नाही तिथलीही माणसं त्यात असावीत, शोभेपुरती नव्हे तर बरोबरीने. काय घेतलं याच्याइतकंच काय गाळलं आणि का, हेही प्रसिद्ध व्हावं. मतभेद झाले तर तेही संदेशातच जावेत. एकाच गोष्टीची दोन परस्परविरोधी चित्रं जाणं मला खोट्या एकमतापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं, कारण आपण तसेच आहोत. आणि यान उडायच्या आधी सगळा मजकूर सगळ्यांना पाहता-ऐकता यावा. व्हॉयेजरची तबकडी मानवजातीच्या नावाने गेली खरी, पण तिचं संगीत तबकडीच्याच रूपात सामान्य माणसाला विकत घेता आलं ते २०१७ मध्ये, तेही लोकवर्गणीतून. ज्यांच्या वतीने पत्र गेलं त्यांनीच ते वाचलेलं नाही, असं पुन्हा व्हायला नको.

यासाठी नवा करार हवाच असं नाही. १९६७ च्या अंतराळ कराराच्या अकराव्या कलमानुसार, अंतराळातल्या आपल्या कामांचं स्वरूप सदस्य देशांनी संयुक्त राष्ट्रांना, जनतेला आणि वैज्ञानिकांना शक्य तितकं कळवायचं असतं. यानावरचा संदेश हा त्या कामाचाच भाग मानला की वाट मोकळी होते. परग्रहावरून संकेत आलाच तर उत्तर देण्याआधी आंतरराष्ट्रीय विचारविनिमय व्हावा, असं १९८९ च्या तत्त्वांमध्ये शास्त्रज्ञांनी स्वेच्छेने मान्य केलं आहे. उत्तरासाठी जी काळजी घ्यायची, ती आपणहून बोलताना का नको?

खाजगी कंपन्यांमुळे हे तातडीचं झालं आहे. २०१९ मध्ये बेरेशीट हे इस्रायली यान चंद्रावर कोसळलं. त्यावर एका खाजगी संस्थेने पाठवलेल्या ग्रंथसंग्रहासोबत टार्डिग्रेड हे सूक्ष्मजीवही होते, आणि ही गोष्ट उघड झाली यान कोसळून गेल्यावर. जानेवारी २०२४ मध्ये पेरेग्रीन यानातून माणसांच्या अस्थी चंद्रावर नेल्या जाणार होत्या. चंद्राला पवित्र मानणाऱ्या नवाहो राष्ट्राने, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूलनिवासी समाजाने, जाहीर विरोध केला, तरी यान निघालं. ते चंद्रावर पोचलं नाही, पण प्रश्न तिथेच आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो उद्या ताऱ्यांकडे जाणाऱ्या यानावरही आपलं नाव, आपला धर्म, आपली जाहिरात चढवील. त्याच कराराच्या सहाव्या कलमाने खाजगी कामांची जबाबदारी त्या त्या देशावर टाकली आहे. देशांनी ती घ्यावी.

न्यू होरायझन्सच्या बाबतीत मला हळहळ वाटते. प्लूटोचा शोध लावणाऱ्या क्लाइड टॉम्बॉ यांच्या अस्थींचा अंश त्यावर आहे, ४ लाख ३४ हजारांहून जास्त लोकांची नावं असलेली सीडी आहे, अमेरिकी नाणी आणि झेंडे आहेत. टॉम्बॉ यांच्या अस्थी तिथे असाव्यात हे मनाला भिडतं. पण माणूस कोण, कसा, हे सांगणारा पायोनिअर किंवा व्हॉयेजरसारखा संदेश त्यावर नाही. व्हॉयेजरच्या तबकडीवर काम केलेले जॉन लोम्बर्ग यांनी एक मार्ग सुचवला. मोहिमेचं काम आटोपल्यावर, जगभरातून गोळा केलेला संदेश रेडिओने यानाच्या संगणकाच्या स्मृतीत भरावा. वैश्विक किरणांच्या माऱ्यात ती स्मृती धातूवरच्या कोरीव रेघांइतकी टिकणार नाही, हे खरं आहे. तरीही माझा या कल्पनेला पाठिंबा आहे. उघड्यावर, सगळ्या जगाला विचारून असा मजकूर कसा घडवायचा, याचा सराव तरी होईल.

त्यापुढचं यान मुळातच ताऱ्यांमधल्या अवकाशाकडे जाण्यासाठी बांधलेलं असू शकेल. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने अशा यानाचा सविस्तर अभ्यास केला आहे, चीनमध्येही तशा योजना मांडल्या गेल्या आहेत. व्हॉयेजरवर तबकडी आयत्या वेळी चढली. तिच्या मध्यभागी, जिथे खाचा संपतात तिथल्या मोकळ्या जागेत, निर्माते टिमथी फेरिस यांनी सगळ्या जगांतल्या, सगळ्या काळांतल्या संगीतकारांना उद्देशून एक ओळ हाताने कोरली होती. ती ओळ तबकडीच्या मंजूर आराखड्यात नव्हती म्हणून तपासणीत तबकडी नाकारली गेली आणि तिच्या जागी कोरी चकती बसवायचं घाटत होतं. सेगन यांना मध्ये पडून ती वाचवावी लागली. पुढच्या यानाच्या बाबतीत अशी घाई व्हायचं काही कारण नाही. अशी यानं कागदावरून तळावर यायला दहा-पंधरा वर्षं सहज घेतात. पहिल्याच आराखड्यात संदेशासाठी जागा आणि वजन राखून ठेवलं तर मजकुरालाही तेवढी वर्षं मिळतील, आणि त्यात हिरोशिमातल्या आणि सोमालियातल्या माणसांकडे जाऊन, तुमचं कोणतं चित्र जावं आणि कोणतं जाऊ नये, हे त्यांनाच विचारता येईल.